लोअर डबल, सात-आठ

बोरिवलीला, नॅन्सी कॉलनीच्या पुढे,
पंक्चरवाल्याच्या दिव्याखाली
सव्वासातची बस पावणेनऊला आली.
क्लीनर म्हणाला, मावशी, चपला पिशवीत घाला.
चोरीला जात नाहीत,
पण हरवतात.

पडदा सारला तर माझ्या अर्ध्या गादीवर
दोन गोरे पाय,
टाचांना माझ्यासारख्याच भेगा.
"लेडीजशेजारी लेडीज," क्लीनर म्हणाला,
जणू पत्रिका त्यानेच जुळवली होती.

नाव काट्रिन. देश एस्टोनिया.
अख्ख्या देशात माणसं तेरा लाख.
मी म्हणणार होते, बाई गं, एवढी तर आमच्याकडे
पण इंग्रजी तिथेच संपलं,
म्हणून नुसती हसले.

ती हंपीला, दगड बघायला.
मी निपाणीला, सही करायला.
"साइन" म्हटल्यावर तिने हवेत हात फिरवून
एक सही केली, मोठ्ठी, खाली दोन रेघा मारून.
माझी सही एवढी मोठी
कधी झालीच नाही.
रेशनकार्डाच्या चौकटीत बसेल एवढीच.

वाकोल्याच्या पुलाआधी पहिला दणका.
वरच्या बर्थवरून कुणाचा तरी डबा पडला,
भेंडीचा वास सगळ्या बसभर.
"हायवे?" तिने विचारलं.
"नो. मुंबई."
सायनला ती माझ्या अंगावर,
पुढच्या खड्ड्यात मी तिच्या.
"हायवे?"
"मुंबई."
सायनपर्यंत दोघी सॉरी म्हणत होतो,
मैत्री पार्कनंतर
दोघींनीही सोडून दिलं.

मी तिला आलेपाकाची वडी दिली.
तिने मला एक काळी गोळी दिली, खारट,
काढ्यासारखी.
थुंकायची लाज वाटली.
गालात धरून बसले.

तिचा पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात, शर्टाच्या आत.
झोपेतही हात तिथेच.
माझी पिशवी उशाखाली:
आधार, दोन फोटो, हक्कसोडपत्राची झेरॉक्स.
साडेअकरा गुंठे आणि विहिरीतला वाटा.
तिकीट भावांनीच काढलं. एसी स्लीपर, अकराशे रुपये.
अक्का, तुला त्रास नको, म्हणाले.
लग्नात दिलं तेव्हाही
असंच काहीतरी म्हणाले होते.

मुद्दाम मी काही मोजत नव्हते.
पण पाठीखाली खड्डे आले की माणूस मोजतो.
विहीर खणली तेव्हा मी नऊ वर्षांची.
सुरुंगाची वात पेटली की आबा हाक मारायचे,
आणि आम्ही तंबाखूच्या सरींमधून धावायचो,
मी सगळ्यांत पुढे.
हे सातबाऱ्यावर
कुठल्या रकान्यात लिहितात?

मानखुर्दला बस नुसती उभी.
थोरल्याचा फोन.
"अक्का, कुठवर आलीस?"
"अजून मुंबईच."
"अजून?"
"अजून."

एसीने काच धुकटली होती.
बोटाने सही करून पाहिली.
पहिली नेहमीची, मुंगीएवढी.
दुसरीला दणका बसला
आणि शेवटचं अक्षर सुटलं ते थेट
काचेच्या रबरापर्यंत गेलं.
मग खाली दोन रेघा मीच मारल्या.
त्यांच्यातून बाहेरचे दिवे दिसायला लागले,
एक टेम्पो, टोलच्या रांगा,
डिव्हायडरवर बसून भाकरी खाणारा एक माणूस.

काट्रिनचा हात झोपेत माझ्या कानावर पडला.
जड होता, गरम.
उचलला नाही.

खाडीच्या पुलावर बस पहिल्यांदा सरळ चालली.
खाली काळं पाणी, पलीकडे वाशीचे दिवे,
मुंबई मागे पडलेली.
पुन्हा फोन. या खेपेस धाकट्याचा.
रजिस्ट्रार साडेदहाला येतो,
उशीर नको, अक्का. कुठवर?

गोळी अजून गालात होती,
आता थोडी गोड लागत होती.
काचेवरची सही खालून ओघळायला लागली होती.

"अजून मुंबईच," मी म्हटलं.
"तू झोप."