तू आत्ता कुठे बसली आहेस

दर वेळी पहिला प्रश्न हाच विचारायचा,
असं मार्गदर्शिकेत लिहिलंय.
मला गंमत वाटायची.
आर्वीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत
तू समोरच्याच खुर्चीवर असायचीस,
खालून वार्निशचा वास,
आणि मी फॉर्मवर लिहायची :
स्थळ – हेच.

आता तू कासेलला.
रात्रपाळी संपवून, ओले मोजे हीटरवर टाकून
फोन भिंतीला टेकवतेस.
रेवती, तू आत्ता कुठे बसली आहेस?
"पलंगावर. काऊन बाप्पा, तुमाले दिसत नाई का?"

दिसतं गं.
पण परवाना डोळ्यांवर चालत नाही.
तो एवढंच विचारतो,
रडणाऱ्याचं बूड कोणत्या जमिनीवर टेकलंय.
माझी पदवी इथल्या भिंतीवर,
नोंदणी क्रमांक इथल्या दारावर,
आणि तुझं रडणं तिकडे घडतं,
जिथे मी कोणीच नाही.

तिकडच्या खात्याला पत्र लिहिलं मी.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नम्र, सतरा ओळींचं.
खोडे सरांनी मोबाइलवर त्याचं मराठी करून दिलं :
"आपल्या आस्थेबद्दल आभार.
सदर व्यक्ती आमच्या हद्दीत असताना…"
पुढचं मी वाचलं नाही.
विम्याचा माणूस नागपूरहून बोलला,
मॅडम, बाहेर काही झालं
तर पॉलिसी तुम्हाला ओळखत नाही.

तुला सांगितलं तर म्हणालीस,
"अन् इमानात असली तर?
ना इकडची ना तिकडची?"
खूप दिवसांनी हसलो दोघी.

माझी मावशी सुईण होती.
बोलावणं आलं की डोंग्यात बसून
वर्धा नदी ओलांडायची,
पल्याड दुसरा जिल्हा, दुसऱ्याच घरची नाळ.
नदीने तिला कधी कागद मागितला नाही.

हे सांगून नियमाची टर उडवणार होते मी.
पण ती एक रात्र आडवी येते.
तू फोनवर हळूच म्हणालीस,
"आता झोपतो म्या, मॅडम. लय झोपतो."
एका कानाला तुला धरून ठेवलं,
दुसऱ्या फोनवर शब्बीरला उठवलं.
त्याला तुझं दार माहीत होतं,
निळं, आतली कडी सैल.
अकरा मिनिटं.
अकरा मिनिटांत त्याचा ऑटो तुझ्या अंगणात होता,
बनियनवरच आला होता तो.

कासेलमध्ये माझा कोणी शब्बीर नाही.
कोणत्या दारावर थाप मारायची,
कोणत्या मजल्यावर, कोणत्या भाषेत,
मला ठाऊक नाही.
कायदा कोरडा असेल,
पण तो जे विचारतोय
ते त्या रात्री मीही विचारलं असतं.

म्हणून तुला विचारून
तिकडच्या लोरेन्त्स बाईंना हे पत्र लिहिते आहे.
भाषांतर करणारा मुलगा सारखा अडतो.
"पोटात खड्डा पडते" – जठराचा त्रास?
नाही रे.
"कसनुसं वाटते" – मळमळ?
तेही नाही. राहू दे, तसंच लिही,
कंसात काही घालू नकोस.

औषधं, तारखा, त्या रात्रीची नोंद,
सगळं लिहून झालं.
खाली टीप जोडली आहे :

ती "काई नाई" म्हणाली की थांबा.
आमच्याकडच्या "काई नाई"त पुष्कळ असतं.
घाई केली तर ती तुम्हालाच चहा विचारेल
आणि विषय संपेल.

आणि सुरुवातीला विचारा,
तू आत्ता कुठे बसली आहेस.
ती म्हणेल, पलंगावर.

पुन्हा विचारा.