निळी पट्टी

सकाळचे आठ. ऑर्हूसच्या बंदरावर अजून काळोख आहे
आणि मी मेणाच्या वडीतून
उंदराच्या आतड्याचे काप काढते आहे,
इतके पातळ की शिंक आली तर
आठवड्याचं काम उडून जाईल.
आतडं काढलं की त्याला पाणी दाखवायचं नाही,
थूराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
पाणी लागलं की जे पाहायचं तेच धुऊन जातं.

जे पाहायचं ती एक निळी पट्टी.
अलीकडे आपण. पलीकडे ते,
कोट्यवधी, रंगवल्यावर लाल ठिपके.
मधे हा बुळबुळीत थर,
शेंबूड म्हणून कुणीही नाक मुरडावं असा.
त्याच्याच जिवावर दोन्ही घरं सुखाने नांदतात:
भिंत एक, चूल वेगळी.

तेल आणि पाणी मात्र नांदत नाहीत.
आईचं सॅलडवरचं तेल-व्हिनेगर
टेबलावर येईपर्यंत फुटायचं,
ती बाटली हलवायची, चिडून पुन्हा हलवायची.
मग दुकानातल्या बाटल्या आल्या, न फुटणाऱ्या.
त्यांत एक मध्यस्थ असतो,
एक हात तेलाच्या खांद्यावर, दुसरा पाण्याच्या.
आइस्क्रीम, सॉस, कापलेला पाव,
सगळं मऊ, सगळं सहा महिने गुण्यागोविंदाने.

जेवण संपतं, मध्यस्थाचं काम संपत नाही.
तो खाली उतरतो,
आणि जिथे समेट कुणी मागितलाच नव्हता
तिथेही समेट घडवायला बसतो.

रांग तिसरी. बारा आठवडे
पिण्याच्या पाण्यात चिमूटभर पांढरी पूड.
काचेवर निळं विरलेलं,
जुन्या धोतरासारखं, पलीकडचं दिसावं इतकं.
लाल ठिपके उंबऱ्याशी. एक तर
घडीच्या आत, पाहुण्यासारखा संकोचून.
आणि भिंतीमागे पहारेकरी पेशी जमलेल्या.
ताप नाही, रक्त नाही,
नुसतं राखेखाली धुमसणं.
उंदीर म्हणजे माणूस नव्हे, थूरा म्हणते.
वहीत मी तसंच लिहिते.

आसगरबद्दल वहीत लिहीत नाही.
एकोणिसाव्या वर्षी माझ्या भावाचं
हातभर आतडं कापून टाकलं.
कशामुळे, ते कुणालाच सांगता आलं नाही.
तो अजून विचारतो, सापडलं का गं?
एखादी हरवलेली किल्ली विचारावी तसं.
मी म्हणते, शोधतेय. खोटं नाही ते,
पण उत्तरही नाही.

रविवारी आईकडे बटाटे, मासे,
आणि तीच जुनी बाटली.
सगळ्यांचं वाढून होईपर्यंत
वर सोनेरी, खाली आंबट पाणी,
मधे एक रेघ, अगदी स्वच्छ.
मी बघत राहते.
"हलवू?" आसगर विचारतो.
"राहू दे जरा," मी म्हणते,
"आणि ते मटार दे इकडे."