पडीक

भूमच्या प्रशिक्षणातून मी आणलं
एक जाडजूड पुस्तक, पन्नास रोपं
आणि फोटो कुठून काढायचा ती सूचना.

माळावर पोरांनी टिकाव उचलले.
"गुरुजी, हितं नगा,"
मायप्पा देवकते म्हणाला.
वर्षभरात पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला.

मला नुसते खडे दिसत होते.
तो उकिडवा बसला, बोट न लावता दाखवलं:
त्यातले चार ठिपक्यांचे, टोकं आत.
टिटवी मघापासून डोक्यावर ओरडत होती,
मला वाटलं, उगीच.

मग कुसळी, पवना, मारवेल...
तो सांगत गेला
मेंढरांच्या आवडीच्या क्रमानं.
पुस्तकात या सगळ्याला एकच शब्द.

रोपं हापशाच्या सांडपाण्यावर लावली.
अहवालातलं 'पडीक' खोडलं.
तिथं काय लिहायचं, मायप्पाला विचारायचंय;
तो तीन दिवस मेंढरांमागं गेलाय.