पाणी जोखणं

तीन दिवस वही लिही, म्हणाली तुइया,
किती प्यालीस, किती झाली, किती वाजता,
आणि न विचारता जी गेली, तीही.
सोबत दिलं प्लास्टिकचं भांडं, मिलिलिटरच्या रेघांचं.

मला हसू आलं.
एकतीस वर्षं, कायानीच्या हवामान केंद्रात,
रोज सकाळी आठला, उणे तीस असलं तरी,
पर्जन्यमापकातला बर्फ वितळवून
मी हेच लिहीत आले:
किती पडलं.
शून्य पूर्णांक तीन. शून्य. लेशमात्र.
लेशमात्रसाठी आमची वेगळी खूण होती.
दुकानाच्या रांगेत, राईचा पाव हातात असताना
जे झालं, त्याच्यापुढे
मी तीच खूण केली.

मैत्रिणींना वाटतं, गुडघ्यामुळे मी
शनिवारच्या साउनाला येत नाही.
गुडघा ठणठणीत आहे.

आज खुर्ची. मधोमध भोक, खाली नरसाळं,
नरसाळ्याखाली तराजू.
आधी एकटीला सोडलं, मग नळी, बारीक, शेवयीइतकी,
मग दुसरी, जिचं नाव मी विचारलं नाही.
पाणी आत येतंय, अंगाइतकंच कोमट.
कळ आली की सांग, आउने.
खोक. अजून एकदा, जोरात.
मी खोकले. नरसाळं कोरडं.

कळ आली की सांगायचं.
पण मला कळायच्या आत
पडद्यावरच्या रेघेला कळलं.
सपाट बर्फावरून चालता चालता
तिनं एकदम टेकडी उभी केली,
आणि मग मला, आणि मग लगेच सगळ्यांना.

टप्. टप् टप्.
ऐंशी वर्षांची मी, दिव्याखाली, पाय फाकवून.
डोळे मिटणार, तेवढ्यात तुइया म्हणाली,
एकशे ऐंशीला कळ, गळती चौदा,
अगदी त्याच आवाजात
ज्या आवाजात मी फोनवर हेलसिंकीला
पाऊस सांगायचे.
नाक न मुरडता. कीव न करता.
चौदा.

डॉक्टर पोरसवदा, कानाची पाळी लाल.
त्यानं बोटानं टेकडी दाखवली:
झडप ढिली नाही, खोकलीस तेव्हा थेंब नव्हता.
पिशवीचा स्नायूच न सांगता आवळतो.
शेजारणीची झाली ती शस्त्रक्रिया तुझ्या कामाची नाही.
गोळी बघू, आणि कळ काढायची सवय, हळूहळू, घड्याळ लावून.

दाब मला समजतो.
दाबाच्या रेघा वाचतच म्हातारी झाले.
कागद मागितला, चष्मा लावला.
वर नाव होतं, तारीख होती.

वेळ लिहिली नाहीस, मी म्हणाले.
वेळेशिवाय नोंद म्हणजे नोंदच नव्हे.

तुइयानं भिंतीकडे पाहिलं,
दहा बेचाळीस, लिहिलं,
आणि मला टॉवेल दिला.
खिडकीबाहेर भुरभुरत होतं.
ते हल्ली यंत्र मोजतं.