उजवा वरचा कोपरा

हल बंदरात, मासळी-धक्क्यामागच्या गल्लीत
'प्लोव्हर' आधी चॅपल होतं, मग सिनेमा,
मग अकरा वर्षं बिंगो.
अजून तिसऱ्या रांगेखाली झाडताना सापडतो
एखादा आकडा : सत्तावीस.

चौऱ्याहत्तर साली सात जणांनी ते भाड्याने घेतलं
जुने सिनेमे लावायला,
कुणी मागितले नसताना.
छत गळायचं. बादलीत थेंब पडायचा
नेमका मूकपटाच्या वेळी.

ट्रॉलर बंद झाले तेव्हा
धक्क्यावरची माणसं दुपारी येऊन बसू लागली.
तिकीट अर्धं, हीटर त्यांच्याच बाजूला.
पडद्यावर समुद्र आला की एकजण उठायचा,
बाहेर सिगरेट संपवून परत यायचा.
कुणी कधी विचारलं नाही.

वर, प्रोजेक्टरच्या खोलीत, विनिफ्रेड ऑक्सटोबी.
एकतीस वर्षं तिने सिनेमा पाहिला
फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात :
तिथे ठिपका चमकला की रीळ बदलायचं.
शेवट काय झाला, हे ती आम्हाला विचारायची
जिन्यात, किल्ल्या चाचपत.

आता डिजिटल. ठिपके नाहीत.
परवा ती तिकीट काढून माझ्या शेजारी बसली.
सगळे नायिकेकडे बघून डोळे पुसत होते,
ती कोपऱ्याकडे बघत होती,
हात मांडीवरून जरासा उचललेला.