निदान

पहिल्या तासाला फळ्यावर मी एकच शब्द लिहिते,
आणि विचारते, म्हणजे काय?
रोगाचं नाव ओळखणं, म्हणतात. दरवर्षी हेच म्हणतात.
जुन्या वैद्यकात मात्र निदान म्हणजे कारण.
नाव मागाहून. आधी, कशामुळं.
मागच्या बाकावरून कुणीतरी:
‘मॅडम, निदान पंखा तरी लावा की.’
तोही अर्थ लिहून घ्या, मी म्हणते.

रुग्ण पुरुष, वय बावन्न.
उद्यमनगरातल्या फाउंड्रीत सत्तावीस वर्षं मोल्डर.
ऑइल इंजिनांचे साचे वाळूत दाबायचा, रस ओतायचा,
निवल्यावर साचा फोडायचा.
त्याचं नाव केरबा. आडनाव मी सांगत नाही,
ते माझ्या एप्रनच्या खिशावर शिवलेलं आहे.

कारण: वाळू.
दिसते ती नव्हे. दिसते ती शिंकेसरशी बाहेर पडते.
जी उन्हाच्या तिरिपेतच तरंगताना दिसते, ती.

आता कारणापासून रोगापर्यंतची वाट.
तिला शब्द आहे संप्राप्ती.
अभ्यास करताना मोठ्यानं वाचला तेव्हा आई हसली होती:
‘प्राप्ती व्हय? पगार साडेसहाशे, आनि वर ह्ये.’

कण श्वासातून उतरतो, थेट शेवटच्या फुग्यापर्यंत.
तिथं राखणीला भक्षकपेशी असते.
ती त्याला गिळते. तिला तेवढंच येतं.
पण वाळू पचत नाही. पेशीच फुटते,
कण पुन्हा मोकळा,
आणि मरताना तिनं मारलेल्या हाकेवर
दुसरी येते, गिळते, फुटते.
तिसरी.
भोवती तंतू विणले जातात, कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे,
गाठ घट्ट होते.
बापानं आयुष्यभर वाळूला आकार दिला,
आत वाळूनं त्याला द्यायला घेतला.
(हे वाक्य मी वर्गात म्हणत नाही.)

मग सुप्तकाळ. परीक्षेत हमखास विचारतात.
रोग आहे आणि कुणालाच ठाऊक नाही, तो काळ.
त्या काळात तो रात्री गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध प्यायला,
खासबागेत पंचांशी भांडला,
माझी बारावीची फी भरली, नोटांना काजळी होती.

पूर्वरूप: जोतिबाच्या पायऱ्या.
मधेच वाकून थांबला. अंगठा निसटला म्हणाला, चपलेचा.
चपला आम्ही खालीच काढून ठेवल्या होत्या.

लक्षण रुग्ण सांगतो, चिन्ह आपल्याला सापडतं.
हा फरक पाठच करा.
‘काय न्हाई गं, पानी बदललं आसंल.’
म्हणजे कागदोपत्री त्याला लक्षण एकही नव्हतं.
आधी टीबी म्हणून नऊ महिने गोळ्या.
मग तुकडा काढला.

ती काचपट्टी मी दरवर्षी लावते.
साध्या उजेडात गुलाबी चट्टे, बाकी काही नाही.
मग दोन भिंगं एकमेकांवर आडवी फिरवायची
आणि काळोखात कण लुकलुकतात,
हुपरीच्या पेढीवर सांडलेल्या चांदीच्या किसासारखे.
पोरं ‘भारी!’ म्हणतात. म्हणू देते.

यंदा तस्लीम मुजावर बराच वेळ डोळा लावून बसली.
‘मॅडम, मग चूक पेशीची का?’
पेशीनं नेमून दिलेलं काम केलं, मी म्हटलं.
‘आणि मालकानं?’
तास संपला होता.

घरी आई उशा वाळत घालत होती, झटकून.
तशीच ती रोज संध्याकाळी त्याचा शर्ट झटकायची,
मोरीच्या दारात, तोंडाला पदर न लावता, सत्तावीस वर्षं.
‘आज उशीर—’ म्हणाली,
थांबली, श्वास घेतला,
‘—झाला व्हय तुला?’
उशी हातातच होती.

मी काही बोलले नाही.
पोटात मोजत होते, किती वर्षं झाली.
निदान मोजता तरी येतं मला.