साठ खोकी

वाडीच्या गोदामात, अमरावती रोडला,
तीन दिवस मी खोक्यांवर नाव टाकत होतो.
जनतेचं.
कुठल्या देशाच्या, ते वरच्या ओळीत.

एरवी मी इतवारीत भांड्यांवर नावं घालतो.
गंज, कोपर, गुंड.
चि. सौ. कां. अमुक हिस
मामाकडून सप्रेम भेट.
मशीनची सुई स्टीलमध्ये टर्र करत उतरते
तेव्हा मामा समोरच उभा असतो.
भेट कुणाला, हे एकदा वाचतो.
कुणाकडून, हे दोनदा.

तर तिकडे कुठे जमीन हलली होती.
दिल्लीनं रात्री साडेनऊला जाहीर केलं, तीस टन.
"तीस म्हणजे तीस, हेमराज," टेंभुर्णे साहेब म्हणाले,
"टीव्हीवर सांगून झालं."
सत्तावीस भरले.
मग खालच्या लाकडी फळ्या वजनात धरल्या,
आणि हिंगण्याच्या कारखान्यातल्या पातळ चादरी.
शेवंताबाईंनी एक उजेडासमोर धरली.
पलीकडचा पंखा दिसत होता.
"हे पांघरून झोपते काय कोनी?
तिकडे त बर्फ पडते म्हन्ते."
साहेब म्हणाले, यादी वरून येते.

अक्षरं कापलेले तीन पत्रे होते.
हिंदी, इंग्रजी, आणि त्यांची भाषा,
वळणं, टिंबं, नांगराच्या फाळासारखं एक अक्षर.
पत्रा ठेवायचा, फवारा मारायचा, उचलायचा.
थुंकी निळी, नखं निळी.

दुसऱ्या रात्री चहा पिऊन आलो
आणि तिसरा पत्रा पालथा धरला.

साठ खोकी.
मोमिनपुऱ्याची रझिया पट्ट्या मारत होती,
तिनं मान वाकडी केली, मग आणखी वाकडी.
"चाचा, ये तो आईने में पढ़ना पड़ेगा."

सोनेगावला विमान उभं होतं.
साहेबांनी विचारलं, वजन बरोबर आहे?
आहे.
"मग जाऊ दे. भुकेल्याला अक्षर कशाला."
फोटोसाठी मात्र सरळ खोकी पुढे लावून घेतली,
झेंडा, हार, हात हलवणारे चौघं.
माझी साठ आत अंधारात,
भिंतीकडे तोंड केलेल्या पोरांसारखी.

जेवताना हे सांगितलं, यमुना हसली नाही.
मी साहेबांचंच ऐकवलं वर,
आपण आता बाहेरच्यांचं घेत नाही,
फक्त देतो. धोरण आहे.
"घेत नाही? अन् नुसतं देते?
आहेर न घेता जो आहेर करते नं,
तो सोयरा नाही, सावकार हाय."
आणि भात वाढला, थोडा जास्तच.

तो गंज आमचा नाही.
नाग नदी गल्लीत शिरली त्या वर्षी
पंचनाम्याला आलेल्या पोरानं
भिंतीवरची रेघ फुटात मोजली,
चार फूट दोन इंच, सही करा म्हणाला.
त्याच संध्याकाळी कुणीतरी दारात
गंज ठेवून गेलं, आत तांदूळ.
गंजावर नाव,
कै. रखमाबाई ढोबळे यांचे स्मरणार्थ.
अक्षर माझ्या हातचं नाही, बुटकं आहे,
'र्थ'चा रफार विसरून नंतर घातलेला.
कोण ही बाई, कुणाची कोण,
सगळ्या गल्लीत विचारून झालं.
यमुना राखेनं घासते,
नाव झिजत चाललंय, बूड शाबूत आहे.

त्या साठ खोक्यांतलं एखादं
कुणी उपडं करून बसायला घेतलं असेल.
किंवा जाळलं असेल, थंडी होती.
खोक्याला आरसा कोण दाखवणार.

काल पुन्हा फोन आला.
दुसरीकडे कुठे पूर, नवा पत्रा, नवी लिपी.
सकाळी गोदामात जाऊन
मी आधी पत्र्याच्या एका बाजूला
खडूनं लिहून ठेवलं,
सरळ बाजू कुठली ते कळावं म्हणून,
मामा.